झाडूवाली आली हो!

"आधी हाक दे, मग पाय टाक!" हेडमास्तर वर्गातून ओरडले.

सकाळची शाळा भरत होती. मी उंबऱ्यावर, हातात खराटा. बाकांवर पोरं, तिसऱ्या बाकावर माझी लेक सखू.

"झाडूवाली आली हो!"

पोरांनी झटकन पाय वर घेतले. सखूनंही घेतले. माझ्यापासून. मान खाली घालून.

ही हाक आली कुठून, ते ऐका. मी लग्न होऊन नगरला आले, छावणीत झाडायला लागले, तेव्हा आत्ता शाळा आहे ती बराक म्हणजे घोड्यांची पागा. घोडे राखणारा म्हातारा म्हणाला, "बाई, मागनं गुपचूप जाऊ नगं. घोडं दचकतं, लाथ घालतं. हाक देऊन जा."

शहाणी गोष्ट. मी हाक द्यायची, घोडे कान टवकारायचे. जणू राणीची स्वारी आली!

मग लढाई लागली. घोडे गेले, गोरे कैदी आले. पहाऱ्यावरचा जमादार म्हणाला, "हाक चालू ठेव. नाहीतर कुणाला शिवशील." तारेच्या कुंपणात कोंडलेली माणसं, तीही माझ्याहून वरची! त्यातला एक जण माझी हाक ऐकून उठायचा, टोपी काढायचा. जमादारानं त्यालाही दटावलं.

फाळणीनंतर सिंधमधून घरदार गमावून आलेली माणसं तिथं राहिली. त्यांनाही शिकवलं गेलं : हाक ऐकली की भांडी उचला. ती गेली, शाळा आली. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या तशाच. माझी हाकही तशीच.

त्या दुपारी सखूनं भाकरीला हात लावला नाही.

"आये, उद्या तू येऊ नगं. न्हाईतर मी शाळंत जायची न्हाई."

"पाय का गं उचललेस?"

"समदी उचलत्यात."

दुसऱ्या दिवशी मी हाक दिली नाही. सरळ आत. हेडमास्तर फळ्यावर लिहीत होते. त्यांच्या मागं उभी राहिले आणि खराटा आपटला.

असे दचकले, खडू उडाला! हुबेहूब घोडा. लाथ तेवढी राहिली.

"हाक कुठंय?"

"ती घोड्यांसाठी हुती, गुरुजी. घोडी कवाच गेली."

पोरांनी पाय उचलले. सखूचे खालीच राहिले. मी त्या पायांभोवती सावकाश झाडलं.

संध्याकाळी कामावरून काढल्याचा निरोप आला. सकाळी मी सखूला घेऊन निघाले, शाळेचा उंबरा ओलांडला, तिला बाकावर बसवलं. हाक दिली नाही. त्यानंतर कुठल्याच दारात दिली नाही, देणार नाही.

ज्याला दचकायचं, त्यानं दचकावं.