फिटर मामंजी आणि त्यांचं इंजिन

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, कुठलीही वस्तू ठोकून बघितल्याशिवाय विकत घेत नसत. मडकं सगळेच वाजवून घेतात. मामंजी ओतूरच्या बाजारात बादली वाजवत, नांगराचा फाळ वाजवत, एकदा तर दुकानदाराचा तराजूच वाजवून बसले होते. खिशात चार बोटांएवढी हातोडी कायम असायची. "लोखंड आतून चिरलं की बद्द बोलतं. डोळ्याला न्हाई कळत, कानाला कळतं," म्हणायचे.

आमच्या जुन्नर तालुक्यात रुळाचा तुकडा नाही. वाफेच्या गाड्या बंद झाल्या आणि दौंडच्या शेडमध्ये उभी हयात इंजिनांची निगा राखलेला हा माणूस डिंगोऱ्याला परत आला. त्याच्या विद्येचं करायचं काय, हे गावाला कळेना. गावाने त्यांना 'फिटर' म्हणून टाकलं आणि पंप बिघडला की बोलावलं. पॅसेंजर ओढणारं एक इंजिन वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली होतं. त्याचं पितळ ते चिंचेने घासत, आणि तेल घालायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. "सायेब रजेवर गेला तर चालंल, तेलवाला न्हाई," हे ठरलेलं वाक्य. नवी नवरी होते तेव्हा मला याचं फार कौतुक वाटे. पुढे कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू?

दोन हजार सालानंतर कधीतरी कळलं, ते इंजिन शहरात एका कचेरीपुढे शोभेला उभं केलंय. मामंजींनी इस्त्रीचा सदरा घातला, पिशवीत तेलाची बुधली आणि चिंध्या घेतल्या. मी आणि माझा नवरा बरोबर गेलो. बघतो तर इंजिन चंदेरी रंगाने चोपडलेलं. पितळेवर रंग, दांड्यांवर रंग, तेल घालायची भोकंसुद्धा रंगाने बुजलेली.

"अरं, नाकातोंडात रंग भरला की रं!" मामंजींचा आवाज फाटला. हातोडी काढून ते एक भोक मोकळं करायला लागले. वॉचमन धावत आला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. "काय चोरतोस रे म्हाताऱ्या?"

"या इंजिनाचा फिटर हाय मी." मामंजी ताठ उभे होते.

वॉचमन पोलिसांना बोलवायला निघाला तेव्हा माझ्या नवऱ्याने हात जोडले. "सोडा सायेब. डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या." वॉचमनला पटलं नसावं. त्याने मला विचारलं, "खरं का हो ताई?" मामंजीही माझ्याकडेच बघत होते. मी मान डोलावून हो म्हटलं.

सुटलो. त्यानंतर मामंजी चार वर्षं जगले. माझ्या हातचं जेवले, नातवंडं खेळवली, माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओट्यावर येऊन बसलेलं कुणी सहज म्हणे, "फिटर, इंजिनाचं सांगा की राव."

"मला नका इचारू. माझं डोकं फिरलंय," ते शांतपणे म्हणायचे. "आमच्या सूनबाईला इचारा, तिला म्हायती हाय."