'संवादाचे सिद्धांत' हा पेपर आज बंद झाला

मंडळी, आज फार दमलेय, पण कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

मी सोलापुरात एका कॉलेजात संवादशास्त्र शिकवते. आज विभागाच्या बैठकीत 'संवादाचे सिद्धांत' हा पेपर काढून त्या जागी रील बनवण्याचं प्रॅक्टिकल आणायचं ठरलं. मी म्हटलं, "रील जरूर शिकवू, पण माणसं का बोलतात आणि का गप्प बसतात, हे कोण शिकवणार?" कुणीच तोंड उघडलं नाही. विषय संपला.

बाहेर जिन्यात मात्र एकेक सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचंच बरोबर होतं."

नंतर माझा तास होता. पेपर जाणार, हे मुलांना सांगितलं. सांगोल्याकडची रुक्मिणी, एरवी वर्गात न बोलणारी, उठून उभी राहिली.

"मॅडम, आपण एकटंच येगळं हाय असं वाटून माणूस गप्प बसतो, त्यो धडा पण जाणार व्हय?"

"हो. का गं?"

"आमच्या गावात टँकरच्या सभेत मला वाटायचं, मलाच तेवढी तक्रार हाय. तुमी शिकवलं, मग उठून बोलले. माझ्यामागनं बाकीच्या बाया पण बोलल्या की."

"मग टँकर आला?"

"न्हाय. पण आता सरपंच बायांकडं बघून बोलतोय."

उद्या याबद्दल प्राचार्यांना भेटावं म्हणतेय. फरक पडेल असं वाटत नाही. ऐकणारं कुणी नसताना बोलत राहायचं बळ तुम्ही कुठून आणता?