खोडीची जागा

ऐन दुष्काळात आमच्या साखर कारखान्यात संगणक आला आणि त्याच्यासाठी एक गार खोली झाली. तिथला ऑपरेटर चपला बाहेर काढून आत जायचा आणि प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू करायचा. "समजा, तुमी येरमाळ्याच्या घाटातले दरोडेखोर," म्हणत जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला गोष्टीचा खेळ खेळवायचा. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानानं गोष्ट पुढं न्यायची. पात्रं बनवायचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. प्रोग्राम नाव, गाव, ताकद, हिंमत विचारायचा आणि शेवटी एक खोड.

एकदा चेअरमनसाहेबच खेळायला बसले. सगळीकडं दहापैकी दहा भरले, खोडीची जागा मोकळी सोडली. ती भरल्याशिवाय पात्र काही बनेना.

"आमच्यात खोड न्हाय," साहेब म्हणाले.

"समजा, असली तर?"

ऑपरेटरची नोकरी अजून कच्ची होती.

साहेब खाली बघत पुटपुटले, "लई घोरतो म्या." पात्र बनलं आणि सगळ्यांआधी साहेबच खो खो हसले.

बाहेर आल्यावर मी ऑपरेटरला विचारलं, "खोडीची अट काढता आली नसती?"

चपला घालताना तो पहिल्यांदाच 'समजा' न म्हणता बोलला, "एका ओळीचं काम. पर काढली न्हाय. ती आपली खोड."