यंत्र जिथं गप्प राहिलं

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. खेड्यापाड्यांत नुकते केबल टीव्ही येत होते. मी ओरत्तनाडूजवळच्या ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्याच तंजावरी मराठी लोकांतली एक आई रोज सकाळी ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. तिची मुलगी सासरहून बेपत्ता होती. "पळून गेली," एवढंच नवरा सांगे. दोनदा चौकशी केली. जबाबातला एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग शेजारची दूधवाली ठाण्यात आली. "सार, त्या दिवसापासून तिचा पितळी कुडमही दिसत नाही. पळणारी बाई पाण्याची घागर काखेत मारून जाते होय?"

जिल्ह्याहून मेटल डिटेक्टर मागवला. चालवणारा हवालदार मुरलेला होता. मातीतही लोखंडाचा अंश असतो, त्यानं यंत्र उगाच ओरडतं. म्हणून आधी कोऱ्या मातीवर तबकडी वरखाली करायची आणि हेडफोनमधला आवाज चढेनासा, उतरेनासा होईपर्यंत बटण फिरवायचं. नवऱ्याच्या घरी गोठ्यापुढं शेणानं सारवून कोलमची रांगोळी काढलेली जागा होती. सारवलेलं ते शुद्ध, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. मीच म्हणालो, "इथं जुळव."

दिवसभर यंत्र बांधावर, नारळींखाली, जाईल तिथं बोंबलत राहिलं. चार ठिकाणी खणलं. साधा खिळा निघाला नाही. नवरा सावलीत उभा राहून बघत होता. संध्याकाळी त्या आईला मी म्हणालो, "अम्मा, गेली असेल कुठंतरी. येईल."

सकाळी हवालदार चेहरा पाडून आला. "सार, माती सगळी एकच. मग मशीन सगळीकडे ओरडलं आणि जुळवलं तिथंच गप्प, असं कसं? तिथं खाली काहीतरी आहे."

बांधावर आवाज नव्यानं जुळवला. गोठ्यापुढं तबकडी नेली, तशी यंत्रानं अशी किंकाळी फोडली की हवालदारानं कानावरचा हेडफोनच काढून टाकला. तहसीलदारांसमोर उकरलं. दीड हातावर घागर आणि तिच्याखाली ती. नवऱ्यानं तिथंच सगळं कबूल केलं.

पायातल्या मेट्टीवरून, म्हणजे जोडव्यावरून, आईनं ओळख पटवली. पंचनाम्यावर अंगठा दिला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काल तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात ते इथंच ना, सार?"

"हो, अम्मा."

"मग 'येईल' कशाला म्हणालात? मी तिच्यासाठी भात झाकून ठेवला."

पुरावा निघाला नाही म्हणजे गुन्हा घडला नाही असं नसतं, हे त्या दिवशी कळलं. पुढच्या साऱ्या नोकरीत, शोध पुरा होईपर्यंत, कुणाच्याही आईला मी 'येईल' म्हणालो नाही.