न बोलता खेळायचा डाव

लाईल कुचेरा आठवडाभर गॅसचा टँकर चालवायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी पंच व्हायचा. टँकर पोटासाठी आणि पंचगिरी जिवासाठी. नेब्रास्काच्या आमच्या पश्चिम टोकाला शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेचा फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचा तो अमेरिकन खेळ. गावं इतकी लहान की संघात अकरा पोरं जमत नाहीत, मग आठ-आठच खेळतात. पण बघायला अख्खं गाव.

नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, आणि ते त्याला लपवताही यायचं नाही. कॅफेत म्हातारे त्याची खेचायचे. "लाईल, बायको सोडून गेली तेव्हा कुठलं कलम लागलं रे?"

"दोघांचीही चूक," लाईल कॉफी ढवळत म्हणायचा. "डाव पुन्हा. पण ती पुन्हा खेळायला आलीच नाही."

माणूस वाईट नव्हता. पण पुस्तकात बसलं की ते बरोबर, याच्या पलीकडे त्याला दिसत नसे. हे मी आज म्हणतोय. तेव्हा आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. सामन्याआधी कोच पंचाला बाजूला घेतो आणि काही फसवा डाव खेळणार असेल तर कानावर घालतो. नाहीतर पंचच फसतो, चुकून डाव थांबवायची शिट्टी मारतो आणि चांगला डाव मातीत जातो. त्या शुक्रवारी आमचा कोच रस होल्टग्रू लाईलला मैदानाजवळच्या खाण्याच्या टपरीमागे घेऊन गेला.

"जेरड चेंडू घेईल," रस म्हणाला, "आणि पळणार नाही. सरळ उभा राहील आणि आमच्या बाकाकडे रमतगमत चालायला लागेल, चेंडूत काही बिघाड असल्यासारखा. समोरची पोरं बघत बसतील. मग सुसाट."

जेरड विटवर हा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे दर डावाला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो, विधवा डार्लाचा एकुलता एक मुलगा.

"तोंडातून काही निघालं तर?" लाईलने विचारलं. "'चेंडू चुकीचा आहे' वगैरे?"

"नाही निघणार."

"आणि तू बाकावरून ओरडलास तर?"

"मी तोंडात बोळा घालून बसतो, बाबा."

"एक शब्द निघाला तर फाउलचा पिवळा रुमाल टाकीन. गप्प चालला तर माझी हरकत नाही."

"आणि शिट्टी मारू नकोस. गेल्या वर्षी त्या गाढवाने मारली आणि आमचे टचडाउनचे गुण खाल्ले."

"मी काय गाढव आहे?" लाईल म्हणाला.

दुसरा एखादा पंच म्हणाला असता, ढोंग ते ढोंग, बोलून करा नाहीतर न बोलता. खोटं बोलून समोरच्यांना फसवायचं नाही, या नियमावरून पंचांच्या सभेत दरवर्षी खडाजंगी व्हायची. लाईल दरवर्षी एकाच बाजूने भांडायचा: शब्द नाही तर गुन्हा नाही.

सामन्याच्या उत्तरार्धात जेरडला दोघांनी मिळून आडवं केलं आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. असं दर सामन्यात होतं. तो उठला. लाईलने विचारलं, "बरा आहेस ना?" जेरडने अंगठा वर केला.

पुढच्या डावाला चेंडू त्याच्या हातात आला आणि तो पळालाच नाही. सरळ उभा राहिला, वळला आणि चालायला लागला. त्याच्या मागेच उभा असलेला लाईल मनात म्हणाला, हाच तो डाव. शिट्टी त्याच्या दातांत होती. पोरगा एक पाय किंचित ओढत होता. आपल्या बाकाकडे जायचं सोडून तो समोरच्यांच्या बाकाकडे निघाला होता. त्याचीच पोरं माना वळवून त्याच्याकडे बघत होती. लाईलला हे सगळं दिसलं. त्याला वाटलं, काय बेमालूम नाटक करतंय पोरगं. आणि तो कान देऊन राहिला, तोंडातून एखादा शब्द निघतोय का ते ऐकायला.

शब्द निघाला नाही. तेवढ्यात समोरच्या एका पोराच्या लक्षात आलं की शिट्टी झालेली नाही, डाव चालूच आहे. तो लांबून धावत आला आणि पूर्ण ताकदीनिशी जेरडवर आदळला. पडताना माणूस हात तरी पुढे करतो. जेरडने केले नाहीत.

लाईल सगळ्यात आधी त्याच्यापाशी पोचला. हेलिकॉप्टर येईपर्यंत गवतात गुडघे टेकून त्याचा हात धरून बसला. जेरड शुद्धीवर आलाच नाही. रविवारी गेला.

दफन झाल्यावर चर्चच्या आवारात, गाड्यांच्या आडोशाला, रसने लाईलला गाठलं. दोन दिवस न झोपलेल्या माणसाचा चेहरा होता.

"मी तो डाव सांगितलाच नव्हता, लाईल."

"म्हणजे?"

"साधा पळायचा डाव सांगितला होता. तो फसवा शेवटासाठी राखून ठेवला होता. पोराला कळतच नव्हतं तो कुठे चाललाय."

लाईल गाडीला टेकला.

"शाळांच्या क्रीडा संघटनेची माणसं चौकशीला येतील," रस म्हणाला. "टपरीमागे आपलं काय बोलणं झालं ते तुला माहीत आणि मला माहीत. सांगून त्या बाईचं पोर परत येणार आहे का?"

माणसं आली. त्यांनी विचारलं, डाव नियमात होता का? लाईल म्हणाला, होता. शिट्टी वाजवण्याजोगं काही दिसलं का? लाईल म्हणाला, नाही. पंचाची काही चूक नाही असा त्यांनी निर्वाळा दिला. लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला सहन व्हायचा नाही. पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट त्याने पुन्हा अंगात घातला नाही, आणि नियम तर एकदाही कोणाला सांगितला नाही. कॅफेतल्या म्हाताऱ्यांनीही मग त्याची खेचायचं सोडलं.

पण टँकर सुटला नाही. डार्ला विटवरच्या घरामागची गॅसची टाकी त्याच्याच फेरीत यायची. प्रत्येक खेपेला ती मागच्या पायरीवर येऊन उभी राहायची, दालचिनीचे रोल कागदात बांधून हातात द्यायची आणि म्हणायची, "माझ्या पोराचा हात तुम्ही धरलात." मग लगेच आत जायची नाही. थोडं थांबायची. लाईल नळीकडे बघत राहायचा. ते रोल टँकरमध्येच वाळून जायचे.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पुन्हा शरद ऋतू आला, पुन्हा मैदानावर दिवे लागले. त्या आठवड्यात डार्ला पायरीवर आली आणि तिने तोंड उघडायच्या आत लाईल म्हणाला, "डार्ला, मी त्याला बघत होतो. तो नीट चालत नव्हता हे मला दिसलं होतं. मी शिट्टी मारली नाही, कारण असा एक डाव आहे हे रसने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, नाटक करतोय."

डार्ला रडली नाही. तिने हातातला रोलचा पुडा पायरीवर ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

लाईलने हातातली नळी खाली ठेवली.

"जेरडने सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी, जेवताना. भीती वाटत होती त्याला. असं मोकळं चालत जायचं आणि कोणी अंगावर आलं तर? मग आपणच माझी समजूत काढायला लागला. म्हणाला, कोच पंचांना आधी सांगून ठेवतात, आई. म्हणजे पूर्ण वेळ पंचांची नजर माझ्यावरच असणार. मला काही होऊ देणार नाहीत ते."

"नजर होती," लाईल म्हणाला.

"होती ना." डार्लाने दाराची कडी धरली. "वर्षभर वाट बघितली मी, तुम्ही कधी बोलताय त्याची. आता बोललात. टाकी भरा, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणाला पाठवा."

ती आत गेली. लाईलने टाकी भरली, नळी गुंडाळली आणि फाटकाकडे चालायला लागला.