विमलताईंची शिसारी

विमलताई ठवरे मैदानात पाय ठेवण्याआधी वास घ्यायच्या. फाटकाशी थांबून, मान जराशी वर करून, दोन लांब श्वास. तुपाचा वास आला तर आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असायचं. झेंडूचा आणि डिझेलचा आला तर कुण्या नेत्याची सभा. मग नाक मुरडून त्या मागं उभ्या असलेल्या मुलींना म्हणायच्या, "छी! चला वं पोरीहो. आधी या लोकायची घाण उचलू, मंग खेळू." मुली "हव दीदी" म्हणून कामाला लागायच्या. पेनल्टीच्या जागेवर चिरडलेले गुलाबजाम, गोलखांबाशी गुटख्याच्या पुड्या, मधल्या वर्तुळात द्रोण-पत्रावळी. ही सगळी घाण गोळा व्हायची ती सत्कारात मिळालेल्या शालीत. शाल ताईंचीच. "याच्यापेक्षा चांगला उपयोग नाई होत तिचा," असं त्या म्हणत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका सकाळी. रायपूरच्या एका हिंदी दैनिकात मी खेळाच्या पानावर नवा होतो. फुटबॉलपटू नंदिनी पिल्लईला दिल्लीत मोठा पुरस्कार जाहीर झाला होता आणि तिच्या जुन्या सहकारी खेळाडूची प्रतिक्रिया आणायला मला पाठवलं होतं. मी जवळ जाऊन हिंदीत विचारलं, "दीदी, नंदिनीजी को पुरस्कार मिला, आपको कैसा लग रहा है?"

ताईंनी हातातली पत्रावळ खाली ठेवली नाही. "नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"मंग मराठी हायेस नं बे तू? हिंदीत काहून खोटं बोलून राहिला? मराठीत बोल."

"मी खोटं काय बोललो ताई?"

"तुले मले कसं वाटते ते पाह्यजेच नाई. तुले नंदिनीबद्दल पाह्यजे. तर नंदिनीले जाऊन विचार. भिलाई काय लांब हाय? बसमध्ये बस आन जा."

मी रिकाम्या हातानं परतलो, पण बातमी रिकामी सोडली नाही. 'मुझे उन पर गर्व है' असं एक वाक्य ताईंच्या तोंडी घालून छापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ऑफिसात आल्या. अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या वाक्यावर बोट टेकवलं. "हे मी कवा बोलली?"

मी म्हटलं, "ताई, चांगलंच तर लिहिलंय."

"चांगलं लिवलं म्हणूनच तर शिसारी आली," त्या म्हणाल्या. "वाईट लिवलं असतं तर भांडली असती. हे असं गोड गोड माझ्या तोंडात कोंबलं, आता थुंकू कुठं?"

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठवरे कुटुंब अकोल्याकडचं. वडील रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. ताई बुटक्या, सावळ्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. भाऊ खेळत तिथं चेंडू आणून द्यायला म्हणून उभ्या राहायच्या, त्यातून खेळायला लागल्या. डावा पाय असा की उंचावरून येणारा चेंडू त्यांच्या पायाशी येऊन गप्प बसायचा. जुने लोक हे सांगताना आजही हाताचा तळवा खाली करून दाखवतात. नंदिनी भिलाईची, उंच, वेगवान, दिसायला देखणी, वडील कारखान्यात अधिकारी. दोघी एकाच राज्य संघात, दोघी आघाडीला. लोकांना दोघींपैकी एकच लक्षात ठेवायची होती आणि त्यांनी नंदिनी निवडली. तिचं नाव देशभर झालं. विमल ठवरे पुरानी बस्तीतल्या एका शाळेत पीटी शिकवायला लागल्या. गावानं त्यांना 'रायपूरची नंदिनी' असं नाव दिलं आणि देणाऱ्यांना वाटलं आपण मान दिला. हे नाव कानावर आलं की ताईंचा चेहरा नासकं दूध प्यायल्यासारखा व्हायचा. "मले माझ्या बापानं नाव ठेवलं हाय," एवढंच म्हणायच्या.

ऑफिसातल्या त्या दुपारनंतर मी त्यांच्या मैदानावर जायला लागलो. आधी शरमेनं, मग सवयीनं. त्या मुलींना शिकवताना ऐकणं हा आनंद होता. "बॉलकडं नको पाहू वं, समोरचीच्या कमरेकडं पाहा. पाय खोटं बोलते, कंबर नाई बोलत." कोणी पडून रडू लागली की जवळ जाऊन म्हणायच्या, "रडून घे. पण उभी राहून रड." कोणी विचारलंच, की दोघींत मोठी कोण, तर म्हणायच्या, "नंबर लावाची लय हौस हाय तुमाले. मैदानात आमी अकरा जणी होतो, नऊ जणी कुठं गेल्या ते कोणी इचारत नाई."

हे सगळं ऐकूनही मला अक्कल आली नाही. आज लिहिताना स्वतःचाच वीट येतो, पण सांगायला हवं.

शंकर नगरातल्या एका लग्नात मला त्या जुन्या संघाची गोलरक्षक भेटली. विषय निघाला बंगालविरुद्धच्या गाजलेल्या सामन्याचा, शेवटच्या मिनिटातल्या नंदिनीच्या गोलाचा. ती म्हणाली, फटका विमलचा होता, चेंडू रेषा ओलांडून गेला होता, नंदिनीनं नंतर नुसता पाय लावला. मी जेवण अर्धं टाकून उठलो. ताईंना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. मला वाटलं, मी त्यांना न्याय देतोय. मथळा मीच दिला: 'छीना हुआ गोल'.

तेव्हा रायपूरच्या एका नव्या मैदानाला नंदिनीचं नाव द्यायचं घाटत होतं. माझ्या लेखानं एका स्थानिक नेत्याच्या पोरांना आयतं कोलीत दिलं. रायपूरचा अपमान, भिलाईची दादागिरी, असं काहीतरी ओरडत त्यांनी सदर बाजारातून मिरवणूक काढली. नंदिनीचं मोठं पोस्टर हातगाडीवर उभं केलेलं, त्याला चपलांचा हार, चेहऱ्यावर शेण. दागिन्यांच्या दुकानांसमोर स्कूटर अडकून पडलेल्या, लोक मोबाईल वर धरून हसत होते. मी बातमीसाठी तिथंच होतो. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरंही वाटत होतं. माझ्या लेखणीनं एवढी माणसं रस्त्यावर आणली होती.

ताई समोरून चालत आल्या. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. गर्दी बाजूला झाली, एकदोघांनी 'विमल दीदी जिंदाबाद' म्हटलं. त्या हातगाडीवर चढल्या. चपलांचा हार काढून खाली टाकला आणि उघड्या तळहातानं नंदिनीच्या चेहऱ्यावरचं शेण पुसायला लागल्या. पोस्टर कागदी, ओलं झालेलं, गालाशी फाटलं. त्या हळूहळू पुसत राहिल्या.

पुढारीपण करणारा पोरगा म्हणाला, "दीदी, आप ही के लिए तो कर रहे हैं."

"मेरे लिए?" ताईंनी वळून पाहिलं. "रोज मैदान की गंदगी उठाती हूँ. तुममें से कौन आया आज तक?"

त्या खाली उतरल्या, चार पावलं चालल्या आणि नालीच्या काठावर वाकून ओकल्या. आयुष्यभर ज्या 'मले शिसारी येते' म्हणत आल्या, त्या बाई भर बाजारात खरोखर ओकत होत्या आणि लोकांचे मोबाईल अजून वरच होते.

मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही. "तू लिवलं तवा मले इचारलं होतं?"

"पण ताई, ते खरं आहे. चेंडू आत गेला होता."

"मले नाई माहीत. मी फटका मारून पडली होती. माझ्या तोंडात माती होती. नंदिनी धावली होती तिथवर, एवढं मले दिसलं. जी शेवटपर्यंत धावली तिचा गोल." त्यांनी ओठ पुसले. "मले उंच कराचं असंल तर मले उचल. तिले शेणात कायले बुडवतं?"

दुसऱ्या दिवशी त्या भिलाईला निघाल्या आणि मला सोबत चल म्हणाल्या. शिक्षाच होती ती. नंदिनीनं दार स्वतः उघडलं. गुडघ्याला पट्टा, केस पांढरे. मिरवणुकीचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. ताईंकडं बघत ती म्हणाली, "हाथ धोकर आई है ना?"

ताई आधी खजील झाल्या, मग फस्सकन हसल्या. तुटका दात दिसला. तो मला इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा दिसला होता. ताई माफी मागायला लागल्या तर नंदिनीनं हातानंच थांबवलं. "तुझे लगता है मैं मज़े में हूँ? जहाँ जाती हूँ, लोग पूछते हैं, विमल ज़्यादा अच्छी थी क्या? इनाम मेरे हाथ में होता है और सवाल तेरा." मग माझ्याकडं बोट करून तिनं विचारलं, "ये वही है?"

"हाव, हाच," ताई म्हणाल्या.

"इसको चाय नहीं मिलेगी."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. दोन तास मी बाहेर बसून त्यांचं बोलणं ऐकत होतो. गुडघे, रेल्वेचे डबे, कुठल्याशा शिबिरातली पाणचट डाळ, इतर नऊ जणींची नावं. कुणाचा गोल, हा विषय एकदाही निघाला नाही.

मी माफीचा मजकूर लिहिला. संपादकांनी त्यातल्या चार ओळी एका जाहिरातीखाली छापल्या. मैदानाला नंदिनीचं नाव देणं बारगळलं. तिथं आता लग्नं लागतात.

गेल्या उन्हाळ्यात विमलताई गेल्या. सकाळी मैदानावरून आल्या, पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. पुरानी बस्तीच्या गल्लीत गर्दी मावेना. ताईंच्या भाच्यानं एकदा नाही म्हणून पाहिलं, पण तिरडीला खांदा मुलींनीच दिला. आजच्याही आणि आता आया झालेल्याही. नंदिनी काठी टेकत आली होती. ती दिसताच पत्रकारांचा घोळका तिच्याकडं धावला. माईक, मोबाईल, धक्काबुक्की. "मैडम, आज कैसा लग रहा है?" मागून मुली तिरडी उचलून गल्लीबाहेर काढत होत्या आणि ह्यांच्या पाठी तिकडं होत्या. एक जण तर वाट देण्यासाठीही हलला नाही. मुलींना तिरडी तिरपी करून न्यावी लागली.

नंदिनी काठी वर करून ओरडली, "उधर देखो! बेशरमों, उधर! वो जा रही है!"

तिचं ओरडणं चांगलं टिपता यावं म्हणून सगळे आणखी पुढं सरकले.

मला त्या क्षणी त्या सगळ्यांची किळस आली. आपण यांच्यातले नाही, असंही वाटलं. संध्याकाळी ऑफिसातून फोन आला, ताईंचा अंत्ययात्रेतला फोटो पाठवा. मी मोबाईल उघडला. एकामागून एक नंदिनी होती. काठी वर केलेली नंदिनी, रडणारी नंदिनी, ओरडणारी नंदिनी. एकाच फोटोत, तिच्या खांद्यामागं, तिरडीचं टोक आणि एका मुलीचा हात आला होता.

मी तोच पाठवला.