माझी जीभ आणि दाजींचा व्हॉल्व्ह

दाजी गेल्याचा निरोप घेऊन बोईसरहून एक ट्रक ड्रायव्हर पालघरला आमच्या दारात आला, तेव्हा मी जेवत होतो. ताटात पापलेटचा मधला तुकडा होता. त्याच सकाळी दाजींनीच डब्यातून पाठवलेला. ड्रायव्हरने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "बाबूजी, दाजी गए. रॅम्प के पास कुर्सी पर बैठे थे, बैठे-बैठे ही..." मी उठलो, हात धुतला. पण उठण्याआधी तोंडातला घास चावून गिळला, आणि खरं सांगायचं तर त्याही क्षणी मला कळलं की मासा फार चवदार झाला आहे. महिना उलटून गेला, तरी तो घास अजून घशाखाली उतरलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चिंचणीचे. घरची वाडी, नारळ, चिकू, सगळं होतं. पण तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, रस्त्यावर ट्रक आणि जीपगाड्या धावू लागल्या, आणि सिमेंटने, खाजणातल्या चिखलाने माखलेल्या त्या गाड्या पाहून दाजींचा जीव तुटू लागला. माणसाला गाईचा कळवळा येतो, तसा त्यांना ट्रकचा आला. वाडी भावावर सोपवून त्यांनी बोईसरला रस्त्याकडेला गाड्या धुण्याचा रॅम्प बांधला. मी पालघरच्या कोर्टात कारकून, रविवारी रिकामा. त्यामुळे ताईच्या हुकमाने मी दाजींचा रविवारचा भागीदार झालो. भांडवल म्हणून मी काय घातलं, ते पुढे येईलच.

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सगळा कारभार उंचीवर चालायचा. मचाणावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं पिंप, त्याच्याही वर पाण्याची टाकी, आणि दोन्हीकडून आलेले पाइप खाली एका रबरी नळीला जोडलेले. नळीची चावी उघडली की दोन्ही मिळून गाडीच्या पोटाखालच्या चासीवर, ग्रीस गळून खाली. पण चावी बंद केली, की वरच्या टाकीचं पाणी जोर करून उलटं सोड्याच्या पिंपात चढायचं. पिंप भरून वाहायचं आणि सोडा इतका पातळ व्हायचा की त्याने ग्रीस तर सोडाच, दुधाची तपेलीही निघाली नसती. सोड्याच्या पाइपात एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्ह बसवणं भाग होतं. तो निवडायला आम्ही दोघे मुंबईला नागदेवीच्या पाइप-व्हॉल्व्हच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने चांगला भारी, आत स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह पुढे ठेवला. दाजींनी तो उचलून माझ्या तोंडापुढे धरला. "वसंता, फुंक." त्यांचे पुढचे दात पडलेले, कवळीतून वारा निसटायचा, म्हणून भागीदारीत माझं तोंड. मी फुंकलं, गाल दुखेपर्यंत फुंकलं, व्हॉल्व्ह हलला नाही. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, ये शहनाई नहीं है, व्हॉल्व है!"

"शेठ," दाजी शांतपणे म्हणाले, "आमचं पिंप हाय माणसाच्या उंचीवर. त्याचा जोर ह्याच्या फुंकरीएवढाच. ह्याच्या फुंकरीनं उघडत नाय, तो पिंपानं काय उघडणार?" मग त्यांनी झडपेचे साधे व्हॉल्व्ह मागितले. चामड्याची झडप सोड्याने खाल्ली जाईल म्हणून बाजूला सारली आणि रबरी झडपेचे पाच-सहा माझ्यापुढे मांडले. पुढून फुंकायचं, झडप अलगद उघडली पाहिजे. मग त्याच बाजूने हवा आत ओढायची, झडप घट्ट बसून जीभ चिकटली पाहिजे. शेवटच्या व्हॉल्व्हला माझी जीभ अशी चिकटली, की दाजींनी मला तसंच दुकानभर फिरवून दाखवलं. "हाच द्या, शेठ. ह्यानं आमच्या मेव्हण्याचं तोंड बंद केलं, जे आमच्या बायकोलाही जमलं नाय." ही गोष्ट मी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी मीच आधी हसलो आहे.

तो व्हॉल्व्ह आडव्या पाइपात बसला आणि सुरेख चालला. पुढच्या वर्षी सोडा मंद यायला लागला, तेव्हा दाजींनी तो खोलला, भरपूर पाण्याने धुतला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. "फुंक बघू." फुंकलं, उघडला. मग ओढलं... झडपेच्या पाठीमागे सोड्याचा साका राहिला होता. आधी साबणासारखं बुळबुळीत लागलं आणि मग जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. "थुंक! गिळू नको! वसंता, थुंक!" दाजींनी पाण्याची नळी माझ्या तोंडात धरली, एका हाताने माझं डोकं घट्ट आवळून. डॉक्टरांकडे नेईपर्यंत ते माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होते.

जीभ बरी झाली, पण चव गेली. किती दिवस भात आणि कागद मला सारखेच. त्या दिवसापासून दाजींनी कोणाच्याच तोंडाला व्हॉल्व्ह लावला नाही, आणि दर रविवारी माझ्यासाठी सातपाटीच्या कोळणीकडून निवडून मासा आणायला लागले. पापलेट, रावस, हंगामात घोळ. ताई करायची, दाजी वाढायचे, आणि पहिला घास मी तोंडात घातला की समोर बसून विचारायचे, "लागते का चव?"

एका रविवारी लागली. सगळीच एकदम... हळद, कोकम, माशाचा गोडवा. सांगायला मी तोंड उघडलं, तर दाजी आणखी एक तुकडा माझ्या ताटात ठेवत होते, सगळ्यात मोठा. मी म्हणालो, "थोडी थोडी वाटते. कडेकडेनं." आयुष्यभर कोर्टात लोकांना पुढच्या तारखा देत आलो, तशीच ही एक स्वतःसाठी घेतली. मग पुढची. मग तिच्यापुढची. दाजी स्वतः मासा खात नसत. विचारलं तर म्हणायचे, "कवळीत काटा अडकतो रे." मला ते सोयीचंच होतं, माझ्या वाटणीला जास्त.

ते जाण्याच्या आधीच्या रविवारी रॅम्पवर खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "वसंता, खरं सांग, आता तरी लागते का?" दमल्यासारखे वाटले. पण मांडीवर डबा होता, आणि डब्यातून वास येत होता.

"येईल हो दाजी. आणखी एखाददुसरा पावसाळा."

"जाऊ दे," ते म्हणाले. "मी थांबलोय ना."

कार्य उरकून पाहुणे गेल्यावर मी ताईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "शेवटपर्यंत मावरं खाल्लं नाय रे त्यांनी."

"कवळीमुळे?"

"कवळी कसली! तुझी जीभ भाजली त्या रात्री देवीपुढं बोलून बसले, वसंताला चव येईल तेव्हाच मी मासा तोंडात घालीन. चिंचणीचा माणूस... तुला वाढायचे आणि हात धुऊन बाहेर ओट्यावर बसायचे."

मी कसंबसं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाले. म्हणाले, त्याला कळलं तर माझ्यासाठी खोटंच सांगेल, लागते म्हणून. तसा मनानं चांगला हाय तो."

माझ्यात होतं नव्हतं ते सगळं धैर्य गोळा करून मी तिला सांगितलं. कधीपासून, तेही सांगितलं. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "एकदा सांगायचं होतंस रे."

मग ती उठली आणि फळीवरून एक बरणी काढली. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली, सुक्या बोंबलांच्या लोणच्याची. दाजींना ते जिवापाड आवडायचं. ज्या दिवशी ते खायला लागतील त्या दिवसासाठी ती दर हंगामात नवं घालायची आणि जुनं शेजारी देऊन टाकायची. ही यंदाची बरणी. तिने दादरा सोडला, वाटीत दोन तुकडे काढले आणि भाताबरोबर माझ्यापुढे ठेवले. समोर बसली, दाजी बसायचे तिथेच.

मी खाल्लं.

"मीठ कसं हाय?" ताईने विचारलं. "मी चाखलं नाय अजून."

मी घास जिभेवर घोळवला आणि या वेळी पुढची तारीख घेतली नाही.

"थोडं कमी आहे," मी म्हणालो.